विमानाच्या मॉडेलचं रंगकाम आणि वेदरिंग: अस्तरापासून काजळीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या मॉडेलवर पंखाच्या पुढच्या कडेला चंदेरी टवके, म्हणजे रंग उडाल्याच्या खुणा, काढलेले बऱ्याचदा बघायला मिळतात. हात सफाईदार असतो, टवकेही नाजूक असतात. पण मॉस्किटो हे लाकडी विमान होतं. धडाला प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, पंखालाही प्लायवूडचंच आवरण, त्यावर चिकटवलेलं कापड आणि मग रंग. तिथला रंग कितीही खरवडला तरी खालून ॲल्युमिनियम निघणार नाही. इंजिनांवरची झाकणं मात्र धातूची होती, तिथे हेच टवके अगदी योग्य.

वेदरिंगचं, म्हणजे मॉडेल वापरून मळल्या-झिजल्यासारखं दाखवण्याचं, सगळं मर्म इथे आहे. मॉडेलवरचा प्रत्येक डाग कशामुळे पडला, हे तो काढणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. पाय कुणाचा पडला, तेल कुठून गळलं, वारा कुठून कुठे वाहत होता, रंगाखाली कोणता पदार्थ होता. एवढं ठरलं की तंत्र सरावाने येतं. म्हणून एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) हातात घेण्याआधी नुसतं ‘स्पिटफायर करायचं’ असं ठरवून भागत नाही. कोणत्या वर्षातलं, कोणत्या आघाडीवरचं, जमलं तर नेमक्या कोणत्या क्रमांकाचं विमान, हे पक्कं करा आणि त्याचे फोटो समोर ठेवा. ब्रिटिश हवाई दलाच्या दिवसा उडणाऱ्या लढाऊ विमानांवर ऑगस्ट १९४१ पर्यंत वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ असायचे. त्यानंतर डार्क अर्थच्या जागी ओशन ग्रे आला आणि पोटाचा स्काय (फिकट हिरवट रंग) जाऊन मीडियम सी ग्रे आला. वर्ष चुकलं तर सगळं विमानच चुकतं.

आणखी एक हिशेब सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा. १/७२ प्रमाणात मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंमी. १/४८ ला ४.८ सेंमी आणि १/३२ ला ३.२ सेंमी. म्हणजे १/७२ च्या पंखावर तांदळाच्या दाण्याएवढा टवका काढला, तर खऱ्या पंखावर हातभर लांबीचा रंग उडालेला असणार. पुढच्या प्रत्येक पायरीला हा हिशेब कामाला येतो.

रंगांचे स्वभाव आणि थरांचा क्रम

लॅकर, ॲक्रिलिक आणि एनॅमल हे तीन मुख्य प्रकार, आणि चौथे चित्रकारांचे तैलरंग. प्रत्येकाचा द्रावक वेगळा. लॅकर थिनर सर्वांत तीव्र, तो खालच्या जवळपास कुठल्याही थराला हात घालतो. व्हाइट स्पिरिट म्हणजे मिनरल टर्पेंटाइन एनॅमल आणि तैलरंग विरघळवतं, पण नीट वाळलेल्या ॲक्रिलिकला किंवा लॅकरला सहसा धक्का लावत नाही. यावरून क्रम आपोआप ठरतो: खाली लॅकर किंवा ॲक्रिलिक, वर एनॅमल आणि तैलरंग. एनॅमलच्या मूळ रंगावर एनॅमलचाच वॉश (खाचांत साचवायचा अगदी पातळ रंग) ओतला तर पुसताना मूळ रंगही हाताला लागतो.

ॲक्रिलिक म्हटले तरी सगळे सारखे नाहीत. तामिया आणि मिस्टर हॉबीचे ॲक्रिलिक अल्कोहोलच्या थिनरने छान पातळ होतात, एअरब्रशमधून सुरेख उडतात, पण ब्रशने लावताना रंगाचा दुसरा हात (थर) पहिला हात उचलतो. वालेहो पाण्यावर आधारलेला आहे, ब्रशसाठी उत्तम; त्यात अल्कोहोल घातलं तर रंग फाटून गुठळ्या होतात. त्यामुळे ज्या कंपनीचा रंग, तिचंच थिनर, हा नियम सुरुवातीला तरी मोडू नका.

लॅकर वापरणार असाल तर सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क हवाच. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. खोलीत हवा बाहेर टाकणारा पंखा असावा आणि जवळपास ज्योत असू नये.

अस्तरापर्यंतची तयारी

सुटे भाग स्प्रूवर (भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) असतानाच कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून धुऊन काढा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा आणि पुढे बोटांचं तेल, दोन्ही रंगाचे शत्रू. कॉकपिटचं रंगकाम धड बंद करण्याआधीच उरकावं लागतं.

जोड भरल्यावर पॉलिश पेपर ४०० पासून सुरू करून ६००, १००० असा बारीक करत न्या, शक्यतो ओला. घासताना पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या खाचा, बुजतात. त्या स्क्राइबरने लगेच पुन्हा कोरून घ्या, कारण पुढे वॉश त्याच खाचेत बसणार आहे. कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, काच टेपने झाकून (मास्क करून) जागेवर बसवा आणि तिच्या चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा, बाहेरचा रंग त्यावर. पारदर्शक प्लास्टिकमधून आतल्या बाजूला योग्य रंग दिसतो.

मग अस्तर. मिस्टर सर्फेसर १५०० सारखं बारीक प्रायमर दोन-तीन पातळ हातांत. प्रायमर हा तुमचा परीक्षकही आहे. उघड्या प्लास्टिकवर न दिसलेला जोड राखाडी अस्तराखाली उठून दिसतो. तो आत्ता दिसला तर पाच मिनिटांचं काम आहे, छद्मरंग (कॅमोफ्लाज) चढल्यावर दिसला तर एक अख्खी संध्याकाळ जाईल.

एअरब्रश हातात घेताना

दुहेरी क्रियेचा (एकाच कळीने हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), ०.३ मिमी सुईचा एअरब्रश विमानांच्या बहुतेक कामांना पुरतो. दाब साधारण १५ ते २० पीएसआय. बारीक रेषांसाठी रंग आणखी पातळ करून दाब १२ च्या आसपास आणा. रंग दुधासारखा पातळ हवा: कपाच्या भिंतीवरून खाली उतरताना मागे पारदर्शक पडदा राहिला पाहिजे. तामियाला एक भाग रंग आणि एक ते दीड भाग थिनर इथून सुरुवात करा, आणि दरवेळी आधी जुन्या प्लास्टिकवर मारून बघा. पृष्ठभाग खरखरीत, वाळू शिंपडल्यासारखा झाला तर रंग हवेतच वाळतोय: जवळ या किंवा थिनर वाढवा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ आहे किंवा दाब जास्त.

आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग, मग हवा. ही सवय बोटांना लागली की थेंब उडत नाहीत.

एअरब्रश नसेल तर हताश व्हायचं कारण नाही. मऊ सपाट ब्रश, पातळ केलेला वालेहो, तीन-चार हात, प्रत्येक हात आडवा-उभा बदलत, मध्ये पूर्ण वाळू देत. छोट्या विमानांवर हे काम डोळ्यांना खटकत नाही, आणि पुढचं वेदरिंग तसंच्या तसं करता येतं.

मूळ रंग: एकसारखेपणा मोडायचा

एकाच बाटलीतला एकसारखा रंग मारला तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. खरं विमान उन्हात फिकट होतं, पुसलं जातं, कुठे तेलाने गडद होतं. यासाठी पॅनेल लाइनवर आधी काळी रेघ मारून वरून मूळ रंग पातळ चढवायची पद्धत आहे, तिला प्री-शेडिंग म्हणतात. मला ती फारशी पटत नाही. तिने सगळं विमान चौकटी-चौकटीचं दिसतं, आणि खरी विमानं तशी मळत नाहीत.

त्यापेक्षा काळ्या अस्तरावर मार्बलिंग करा. काळ्यावर मूळ रंगाच्या वेड्यावाकड्या, पेन्सिलच्या टोकाएवढ्या बारीक रेघोट्या आणि ठिपके, दाब कमी, एअरब्रश पृष्ठभागापासून २ सेंमीवर. प्रत्येक पॅनेल वेगळं भरा, पुढच्या पॅनेलवर हाताची दिशा बदला. मग तोच रंग आणखी पातळ करून अख्ख्या भागावर धुक्यासारखा फिरवा, आणि खालचा ठिपकेदारपणा अगदी अंधुक उरला की तिथेच थांबा. एक हात जास्त झाला की सगळी मेहनत झाकली जाते. वेळ जातो खरा, पण पुढच्या सगळ्या थरांना खोली इथूनच मिळते. छोट्या प्रमाणात मूळ रंग थोडा उजळ करून घ्यावा. १/७२ चं विमान आपण खऱ्या विमानाकडे लांबून बघावं तसं बघतो, आणि अंतरामुळे रंग फिका वाटतो.

छद्मरंगाची कड किती मऊ असावी, हेही हिशेबाने ठरतं. खऱ्या विमानावर दोन रंगांची सरमिसळ इंचभर असेल तर १/४८ ला ती अर्धा मिमी होते आणि १/७२ ला जेमतेम ०.३५ मिमी. एवढी बारीक कड हाताने मारणं अवघड आहे. ब्लू-टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीच्या) बारीक वळकट्या करून कडेवर ठेवा, मधला भाग टेपने झाका आणि एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरून रंग मारा. वळकटीच्या गोलाईखाली रंग किंचित शिरतो आणि मऊ पण घट्ट कड मिळते. तिरकं धरलं तर एका बाजूची कड धारदार आणि दुसरीची पसरट होते.

उघड्या धातूचं विमान असेल तर वाट वेगळी. चकचकीत काळा, तो पूर्ण वाळल्यावर ॲलक्लॅडसारखा धातूचा लॅकर कमी दाबाने, पातळ हातांत. खाली राहिलेला प्रत्येक ओरखडा वर दिसतो, त्यामुळे घासकाम चोख हवं. इथेही विमान ओळखा: पी-५१ मस्टँगचं धड उघड्या धातूचं दिसत असलं तरी पंखावरचे जोड कारखान्यात पुट्टीने बुजवून वर ॲल्युमिनियम रंग मारलेला असे, हवा त्यावरून निर्वेध वाहावी म्हणून. पंख आणि धड एकाच चकाकीचे केले, किंवा पंखाच्या पुढच्या भागात रिव्हेटच्या रांगा काळ्या वॉशने उठवल्या, तर ते मस्टँग राहत नाही.

डीकल आणि वॉश

मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह, लावलं की खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी चमकू लागते. म्हणून डीकलच्या आधी ग्लॉस (चकचकीत) कोट. डीकल पाण्यात भिजवा, जागेवर मायक्रो सेट (डीकल चिकटायला मदत करणारं द्रावण) लावा, डीकल सरकवा, ओल्या कापसाने मधून कडेकडे दाबत हवा काढा आणि वरून मायक्रो सोल (डीकल मऊ करणारं द्रावण). या वेळी डीकलला सुरकुत्या पडतात. हात लावू नका. वाळता वाळता ते स्वतःच खाचांमध्ये बसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक ग्लॉसचा हात देऊन बंद करा.

वॉशसाठी एनॅमल किंवा व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेला तैलरंग. शुद्ध काळा टाळा. हिरव्या-तपकिरी छद्मरंगावर गडद तपकिरी, राखाडी पोटावर मध्यम करडा, पांढऱ्यावर फिकट करडा. बारीक ब्रशचं टोक पॅनेल लाइनला टेकवा. ग्लॉसमुळे रंग खाचेत आपोआप धावतो. अर्ध्या तासाने, जेमतेम ओल्या कापडाने हवेच्या दिशेत, म्हणजे पुढून मागे, पुसा. सगळ्या रेषांना सारखा न्याय देऊ नका. एलेरॉन, फ्लॅप, रडर या पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या बिजागऱ्यांच्या फटी खरोखर मोकळ्या असतात, तिथे गडद. इंजिनाची झाकणं वारंवार उघडतात, तिथे मळकट. बाकी ठिकाणी रेघ दिसली न दिसली तरी चालेल.

पुढचा थर तैलरंगांचा. पांढरा, पिवळसर मातकट, निळा आणि तपकिरी हे रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो. मग सुईच्या टोकाने अगदी बारीक ठिपके द्या, आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या सपाट ब्रशने ओढत मिसळून टाका. पंखावर पुढून मागे, धडाच्या बाजूंवर वरून खाली. ऊन वरच्या पृष्ठभागांवर पडतं, म्हणून फिके रंग वर. पोटावर तपकिरी आणि करडे.

टवके: कुठे, किती, कशाचे

सर्वांत जास्त मॉडेल इथे बिघडतात, म्हणून इथे हात आखडता घ्या.

दुसऱ्या महायुद्धातलं एकआसनी लढाऊ विमान डोळ्यांसमोर आणा. वैमानिक आणि यांत्रिक सहसा डाव्या बाजूने चढत. म्हणजे डाव्या पंखाच्या मुळाशी रंग जास्त झिजणार, उजवीकडे कमी. दोन्ही मुळं सारखी झिजवली की बघणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं, कारण सांगता आलं नाही तरी. त्यानंतर इंजिनाच्या झाकणांचे स्क्रू, दारूगोळ्याची झाकणं, इंधन भरायच्या तोंडाभोवतीची जागा आणि प्रॉपेलरच्या पात्यांच्या पुढच्या कडा. हात, बूट, पाना आणि उडणारे खडे जिथे लागतात, तिथेच.

टवक्याखाली काय दिसणार, हे त्याहून महत्त्वाचं. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाचा, त्यामुळे तिथे टवका नाही. अनेक विमानांची रडर आणि एलिव्हेटर कापडाची होती. कॉर्सेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या बाहेरच्या पंखांचा मागचा भागही कापडाचाच. अमेरिकी विमानांवर रंगाखाली झिंक क्रोमेटचं पिवळसर-हिरवट अस्तर दिसू शकतं. जपानी झिरोचा रंग युद्धाच्या सुरुवातीला चांगल्या अस्तरावर बसलेला होता, तेव्हा १९४१ च्या झिरोवर चंदेरी पापुद्रे काढणं चूक. त्याच देशाच्या भूदलाच्या की-६१ वर मात्र उघड्या धातूवर आघाडीवरच मारलेला हिरवा रंग अक्षरशः सोलून निघालेला फोटोंत दिसतो.

अशा सोलवटलेल्या विमानासाठी हेअरस्प्रे. धातूचा रंग लॅकरमध्ये मारून एक रात्र वाळवा. त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, आणि वर ॲक्रिलिकचा छद्मरंग. तो स्पर्शाला कोरडा झाला की वेळ घालवू नका. एका वेळी एकच पॅनेल कोमट पाण्याने भिजवा, मिनिटभर थांबा, आणि आखूड केलेल्या ताठ ब्रशने हलके टोचा. पाणी रंगातून झिरपून हेअरस्प्रे विरघळवतं आणि रंगाचे तुकडे आपापल्या आकारात सुटतात. हाताने रंगवून असे आकार येत नाहीत. मोठे टवके हवेत तिथे जास्त पाणी, बारीक ओरखडे हवेत तिथे दातकोरणीचं टोक.

थोड्याशा झिजेसाठी स्पंज पुरे. पॅकिंगच्या स्पंजचा तुकडा फाडा, कापू नका. फाटलेल्या कडेवर गडद करडा किंवा ॲल्युमिनियम घ्या, कागदावर टिपून जवळजवळ संपवा आणि उरलेलाच विमानावर लावा. १/७२ वर मी स्पंजऐवजी चंदेरी पेन्सिलीचं टोक पसंत करतो. ठिपक्याचा आकार ताब्यात राहतो.

काजळी

एक्झॉस्टचा डाग म्हणजे काळी शेपटी, हा समज सोडा. काळी काजळी इंधनाचं प्रमाण जास्त असताना, विशेषतः इंजिन सुरू होताना आणि जोर लावताना साठते. लांब उड्डाणात इंधन-हवेचं मिश्रण विरळ असतं, आणि पेट्रोलातल्या शिशामुळे करडा-पिवळसर थर बसतो. म्हणून डाग तीन थरांत: आधी अतिशय पातळ गडद तपकिरी, लांब आणि रुंद; त्यावर काळपट, नळकांड्यांच्या तोंडापाशीच आखूड; आणि शेवटी मधोमध फिकट करड्याची अरुंद रेघ. रंगात थिनर नव्वद टक्के, दाब १० ते १२ पीएसआय. एअरब्रश हवेच्या दिशेतच फिरवा आणि हात हलायला लागल्यावरच रंग सोडा, म्हणजे सुरुवातीला थेंब बसत नाही. प्रॉपेलरमुळे हवा धडाभोवती पिळत मागे जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे डाग तंतोतंत सारखे नसतात. एका बाजूला वरच्या अंगाला, दुसऱ्या बाजूला खालच्या अंगाला. फोटो बघून ठरवा.

बंदुकांच्या बाबतीत एक बारकावा. ब्रिटिश विमानांच्या पंखांतल्या ब्राउनिंग मशीनगनच्या तोंडांवर उड्डाणापूर्वी लाल डोप (विमानाच्या कापडावरचं लॅकर) लावलेले कापडाचे तुकडे चिकटवत. ते शाबूत असतील तर गोळीबार झालेलाच नाही, मग मागे काजळी कशी असेल? तुकडे फाटलेले दाखवा, तरच पंखाखाली रिकामी काडतुसं बाहेर पडायच्या फटींमागे करडे पट्टे ओढा.

जेट विमानांवर हा सगळा अध्याय जवळपास बाद होतो. तिथे मळतं ते हायड्रॉलिक तेल, हातांचा घामटपणा आणि सततची डागडुजी. विमानवाहू नौकेवरच्या एफ-१४ ला खाऱ्या हवेमुळे गंज लागू नये म्हणून जिथे रंग उडाला तिथे लगेच नव्या रंगाचं ठिगळ मारत, आणि ते आजूबाजूच्या रंगाशी जुळेलच असं नसे. मूळ करड्यात थोडा पांढरा किंवा निळा मिसळून असे अनियमित तुकडे मारा. टवक्यांपेक्षा ते जास्त खरे दिसतात.

मॅट कोट आणि त्यानंतरचं काम

आता सगळ्यावर मॅट किंवा सॅटिन कोट. तैलरंग आणि एनॅमल नीट वाळायला निदान दोन-तीन दिवस द्या. मॅट बाटली खूप हलवा, तळाशी बसलेली भुकटी मिसळली नाही तर पांढुरकेपणा येतो. हवा दमट असेल तर त्या दिवशी मारू नका.

कॅनॉपीचे मास्क बोथट टोकाच्या काडीने कोपऱ्यातून उचला. रंगाची कड उपसली जाते आहे असं वाटलं तर सुरीचं टोक आधी चौकटीच्या कडेने फिरवा. टायर शुद्ध काळे ठेवू नका. गडद करडा, जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर धावपट्टीच्या मातीच्या रंगाची पिगमेंट भुकटी, तीही घासून जवळजवळ काढून टाकलेली.

ताजं तेल आणि इंधन मात्र मॅट कोटनंतरच. ओलं तेल चमकतं, मॅटखाली दडपलं तर जुना डाग होतो. तपकिरी-काळ्या तैलरंगात थोडा ग्लॉस वार्निश मिसळा आणि इंजिनाच्या पोटाखालून बारीक रेघ ओढा. शेपटीवर टेकणारं विमान उभं असताना नाक वर असतं, म्हणून इंजिनातून गळलेलं तेल पोटावरून तिरकं मागे सरकतं, आणि उड्डाणात हवा तेच आणखी मागे पसरवते. त्यामुळे रेघेची सुरुवात जाड आणि गडद, शेवट पंखाच्या मागच्या कडेपर्यंत विरत जाणारा. आणि जिथे झाकणाचा जोड आडवा येतो, तिथे ती थोडी बाजूला पसरलेली. विमान उलटं धरून हे काम करताना दिशा हटकून चुकते, म्हणून पोटावर आधी पेन्सिलीने नाकाकडे बाण काढा आणि काम झालं की खोडून टाका.